मूठमातीची ओवी

अकराव्यांदा तीच ओळ सुरू झाली तेव्हा सहदेव मास्तरांनी डोळे मिटले. शेजारच्यांना वाटले, मास्तर प्रार्थनेत बुडाले. मास्तर मोजत होते.

१९८४ सालच्या फेब्रुवारीतला तो रविवार. एरवी गणेशोत्सवाला भाड्याने जाणारे दोन कर्णे कर्जतच्या प्रार्थनाघरात प्रभूच्या सेवेत रुजू झाले होते आणि मुंबईचे ब्रदर विल्सन त्रिभुवन यांच्या ‘हर्षाचा झरा’ या कॅसेटचे प्रकाशन चालले होते. गिटार, ड्रम, विजेचा ऑर्गन, आणि प्रत्येक शब्दामागे धापा टाकत धावणारा त्याचाच प्रतिध्वनी. चाली कुठल्याशा गोऱ्या मुलखातून आलेल्या. त्यांत मराठी शब्द दुसऱ्याच्या मापाच्या जोड्यात पाय कोंबावा तसे कोंबलेले. मराठी ख्रिस्ती माणूस पिढ्यान्‌पिढ्या अभंगात, साकीत, दिंडीत देवाशी बोलत आला आहे, ही गोष्ट ब्रदर विल्सनना ठाऊक नव्हती आणि ठाऊक नसल्याची खंतही नव्हती. अज्ञान हे त्यांच्याकडे निरागसतेचे प्रमाणपत्र समजले जाई.

“आता सातवं गाणं!” ब्रदर विल्सन माइकमध्ये ओरडले. “हे तुमच्या मातीतलं आहे बरं का. हात वर, टाळ्या जोरात!”

कर्ण्यांतून पोरांचा कोरस उसळला:

नागू, नागू, सोड बाटली, धर येशूचा हात,
नागू आला, नागू आला, नाचत स्वर्गात!

तरुण मंडळी उड्या मारू लागली. मास्तरांनी डोळे उघडले. कोरसच्या तळाशी, घोड्याच्या चालीने पळवलेली असली तरी, ती चाल त्यांनी तत्काळ ओळखली. आणि तिसऱ्या बाकावरून सोनाबाई उठून उभी राहिली.

सोनाबाई ही नागूची बायको. नागू नगरकडचा, पिढीजात ख्रिस्ती, रेल्वेच्या गँगमध्ये लागून घाटात आला. सोनाबाई मात्र इथल्याच खालच्या पट्टीतली, भातशेतीवाल्या घरातली, लग्नानंतर बाप्तिस्मा घेतलेली. अठरा वर्षांपूर्वी नागू ठाकुरवाडीजवळ दारूच्या नशेत रुळावर बसला आणि मालगाडीखाली गेला. दफनाला पाळकसाहेब म्हणाले, मृताविषयी दोन चांगले शब्द बोला. सोनाबाई म्हणाली, “चांगलं मानसांना सांगा. देवाला समदं ठावं हाय, त्याला कशाला फसवायचं?” आणि लोक मूठमाती देत असताना तिने जात्यावरच्या गळ्यात तीन ओळी म्हटल्या:

नागू गेला गं माझा, घाटाच्या वाटंला
उभ्या जन्माची मजुरी, वाहिली बाटलीला
देवा बापा, ठाव दे, तुझ्या उंबऱ्याच्या काठाला

कुणाला ते अभद्र वाटले, कुणाला रडू फुटले. पण पुढच्या दफनाच्या वेळी त्या घरची माणसे आपण होऊन तिच्याकडे आली, आणि कर्जतच्या त्या वीस-बावीस घरांच्या मंडळीत एक रीतच पडली. मूठमाती पडत असताना सोनाबाईने ओवी म्हणायची. वाद्य नाही, टाळी नाही. पहिल्या ओळीत नाव, दुसरीत त्या माणसाचे एक उणे, तिसरीत मागणे. उणे खरे असायचे आणि एकच असायचे. कुणी जिवंतपणी शेवग्याच्या शेंगांची जुडी घेऊन तिच्या दारी जाई, “सोनाबाई, माझं उणं जरा हलकं घाल गं,” आणि ती शेंगा ठेवून घेई व म्हणे, “शेंगा चोरल्या न्हाईस ना? मग बघू.” आपले उणे उघड्यावर बोलले गेले म्हणजे ते संपले, त्याचा पुन्हा उच्चार करायचा नाही, असे सगळे मानत. पाळक जे वर्षभर सांगून जमवू शकत नव्हते ते तीन ओळींत जमत होते. पाळकांना ते फारसे आवडत नसावे.

सोनाबाईने उभे राहून विचारले, “ह्यो नागू कोन?”

ब्रदर विल्सननी माइक खाली घेतला. त्यांचे हसू खरेखुरे होते, तीच त्यांच्यातली सर्वांत असह्य गोष्ट. “आजी, नागू म्हणजे आपण सगळे! प्रत्येक पापी माणूस!”

“मी नागूची बायको.”

“प्रभूची स्तुती असो!” ब्रदर विल्सन आनंदाने ओरडले. “मंडळी, ऐकलंत? आपल्या नागूची पत्नी आज आपल्यात आहे! टाळ्या!”

आणि टाळ्या पडल्या. सोनाबाई त्या संपेपर्यंत थांबली.

“माझा नागू बाटली सोडून गेला नाय रं बाबा,” ती म्हणाली. “बाटली घिऊन गेला. मी देवाला तसंच सांगितलं व्हतं. आता तुमी त्याच देवाला सांगताय का तो नाचत गेला. मंग खोटी कोन, मी का तुमी?” तिने मान वळवून सबंध प्रार्थनाघरावरून नजर फिरवली. “ही माझी ओवी मुंबईला नेली कुनी?”

आता मास्तरांची पाळी होती.

सहा वर्षांपूर्वी, निवृत्तीच्या साली, मास्तरांनी एक टेपरेकॉर्डर घेतला होता, आणि दहिवलीच्या आपल्या घरात सोनाबाईला बसवून तिच्या अकरा ओव्या टिपून घेतल्या होत्या. ती आधी नको म्हणत होती. मेलेल्यांची उणी पेटीत कोंडून ठेवू नयेत, असे तिचे म्हणणे. मास्तरांनी शब्द दिला: ही नावे या मंडळीबाहेर जाणार नाहीत. एक टेप मास्तरांच्या पेटीत राहिली, तिची प्रत पाळक अमोलिक यांनी प्रार्थनाघराच्या कपाटात ठेवली. अमोलिक पुढल्याच वर्षी निवृत्त होऊन राहुरीकडे गेले. मास्तरांनी त्या ओव्यांवर त्रेचाळीस पानांचा निबंध लिहिला. एका नियतकालिकाने तो तळटिपा नाहीत म्हणून परत केला, मग त्यांनी तळटिपा घातल्या, तर दुसऱ्याने त्या फार आहेत म्हणून परत केला. मराठी विद्वत्तेच्या दोन्ही दारांवरून परतलेला तो निबंध ब्रदर विल्सननी मात्र नुसता ऐकूनच डोळे विस्फारले होते. “मास्तर, टेप द्या. कॅसेटच्या आतल्या कागदावर तुमच्या आठ ओळी छापतो. तुमच्या नावानिशी. हजारो घरांत जाईल.” मास्तरांनी टेप दिली. विद्येचा प्रसार, असे त्यांनी स्वतःला सांगितले. आणि माणूस स्वतःला जे सांगतो त्याला साक्षीदार लागत नाहीत.

प्रकाशनापूर्वी त्यांनी कॅसेटच्या आतला कागद हळूच उलगडून पाहिला होता. आठांच्या दोन ओळी झाल्या होत्या. ‘एका अभ्यासकाच्या मते ओवी हा प्राचीन छंद आहे.’ नाव नव्हते. त्या वेळी त्यांना जो संताप आला तो त्यांनी मनात अतिशय सुबक वाक्यांत मांडला होता. आता तीच नाव नसण्याची गोष्ट त्यांच्या पथ्यावर पडत होती, आणि हेही त्यांच्या ध्यानात आल्यावाचून राहिले नाही.

“टेपची एक प्रत मंडळीच्या कपाटात होती,” मास्तर म्हणाले.

वाक्य खरे होते. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. चाळीस वर्षे व्याकरण शिकवलेला माणूस खोटे बोलत नाही. तो खरे वाक्य चुकीच्या जागी ठेवतो.

“आन्‌ तुमची?” सोनाबाईने विचारले.

मास्तरांनी चष्मा काढला. तो पुसून होण्याआधीच बायकांच्या बाजूने त्यांच्या पत्नीचा, आनंदीबाईंचा, थकलेला पण स्वच्छ आवाज आला. “आमची टेप घरी आहे. पेटीत. मी कालच पाहिली.”

पेटी तीन महिन्यांपूर्वी रिकामी झाली होती. टेप वर्तमानपत्रात गुंडाळून तिला सुतळी आनंदीबाईंनीच बांधली होती.

“मंग अमोलिकसायबच,” सोनाबाई म्हणाली आणि चपला घालून निघून गेली. तिच्या पाठीवर कर्ण्यांनी आठवे गाणे सोडले.

कार्यक्रमानंतर मास्तरांनी ब्रदर विल्सनना दाराशी गाठले. “तुम्ही नागूला तारलंत.”

“प्रभूने तारलं, मास्तर.”

“ओवीत तो तरलेला नाही. तिसऱ्या ओळीत नुसतं मागणं आहे, उत्तर नाही. त्या ओवीचा सगळा कस तिथे आहे.”

ब्रदर विल्सननी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “मास्तर, मी टेप ऐकली तेव्हा वाटलं, ही साक्ष आहे. पापी होता, मग वाचला. साक्ष अर्धी कशी सोडायची? न तारलेला नागू कोण ऐकेल हो? आणि खरं सांगू, त्या तुमच्या चालीत फार रडं आहे. लोकांना आनंद हवाय.”

“आणि माझं नाव?”

“जागा नव्हती,” ब्रदर विल्सन प्रेमाने म्हणाले. “पण तुमचं नाव वर लिहिलं गेलं आहे, मास्तर. जीवनाच्या पुस्तकात.”

पुढच्याच महिन्यात म्हातारे येसाजी सिग्नलवाले वारले. दफनाला सोनाबाई आली, खड्ड्याच्या कडेला उभी राहिली, मूठ टाकली आणि तोंड उघडले नाही. येसाजींच्या मुलांनी वाट पाहिली. माती पडण्याचा आवाज येत होता, दुसरा कसलाच नव्हता. मग ब्रदर विल्सनच्या नव्या युवक संघातल्या कुणी तरी, शांतता ही रिकामी जागा असते अशा समजुतीने, टेपरेकॉर्डर सुरू केला. येसाजी सिग्नलवाल्यांवर माती पडली ती ‘नागू, नागू’च्या ठेक्यावर, आणि दोन बायकांचे पाय नकळत ताल धरू लागले. कानामागून आलेले तिखट होते एवढे मास्तरांना माहीत होते. ते खड्ड्यापर्यंत येते हे त्यांनी प्रथमच पाहिले.

आनंदीबाई त्या दफनाला नव्हत्या. त्यांच्या हृदयाची झडप कामातून गेली होती आणि डॉक्टरांनी जिना, ओझे, चिंता व मीठ या चार गोष्टी वर्ज्य सांगितल्या होत्या. पहिल्या दोन त्यांनी सोडल्या. मास्तर परत आले तेव्हा त्या अंगणातल्या खाटेवर तांदूळ निवडत बसल्या होत्या.

“म्हटली का?”

“नाही.”

“काहीच नाही?”

“ते ध्यान वाजवलं त्यांनी.”

आनंदीबाईंनी सूप खाली ठेवले. “अहो, माझ्या वेळेला ते वाजवलेलं मला चालणार नाही. सांगून ठेवते.”

“काय बोलतेस हे.”

“खरं बोलतेय. तुमची माणसं येतील, आनंदीबाई म्हणजे माउली, आनंदीबाई म्हणजे देवदूत. शाळेतल्या निरोप समारंभाला ऐकलंय सगळं, अंगावर शिसारी येते. एका माणसाने तरी माझ्याबद्दल खरं बोलावं आणि मग मला माती द्यावी. तेवढं सोनाबाईकडून करून आणा. बाकी मला काही नको.”

“ती तोंडच उघडत नाही.”

“का उघडत नाही, ते तुम्हाला माहीत आहे.” त्यांनी सूप पुन्हा मांडीवर घेतले. “आणि मला.”

मास्तर एस.टी.ने खोपोलीला गेले आणि तिथून टेंपोने सोनाबाईच्या कुंभिवलीला. हमरस्त्याच्या कडेला, टायरच्या दुकानाशेजारी, गोणपाटावर चवळीच्या जुड्या आणि काकड्या मांडून सोनाबाई बसली होती. तिचा मुलगा गजा त्याच दुकानात कामाला. ट्रक गेला की गोणपाटाच्या कडा उडत आणि ती त्यांच्यावर दगड सरकवी.

“या मास्तर. काकडी खावा. बाई बरी हाय?”

“बरी नाही. तिच्यासाठीच आलो.” त्यांनी सांगितले. आनंदीबाईंचे शब्द त्यांनी जसेच्या तसे सांगितले, फक्त शेवटची दोन वाक्ये गाळून.

सोनाबाईने बराच वेळ काकडीवरची माती अंगठ्याने काढली. “बाईसाठी मी म्हटली असती वो. लई चांगली. पर माजं तोंड आता खोटं पडलंय. देवाकडं नागूचे दोन कागद ग्येले. एकात तो बुडाला, एकात तरला. आता मी तिसरं मानूस घिऊन ग्येले तर तो म्हनंल, ही बाई काय बी सांगतीया.”

“देव असा नाही, सोनाबाई.”

“तुमी त्याला वळखता, मी बी वळखते. तुमी पुस्तकातनं, मी जात्यावरनं.” ती हसली नाही. “एक हाय. ज्यानं टेप दिली त्यानं मंडळीफुडं हुबं राहून सांगावं. ‘मी दिली, अमक्यासाठी दिली, नागू तरला न्हवता.’ एवढंच. मंग माजा कागद खरा व्हईल. मंग मी म्हनंन.”

सगळे किती सोपे होते. टायरच्या दुकानात गजा हातोडा आपटत होता. त्या आवाजात तीन शब्द टाकून दिले असते तर बाकीचे आपसूक झाले असते.

“तुमचं अक्षर चांगलं हाय,” सोनाबाई म्हणाली. “लिवा अमोलिकसायबाला. मी सांगते.”

आणि मास्तरांनी लिहिले. गोणपाटाशेजारी, उपड्या डालग्यावर बसून, वहीच्या कागदावर, वळणदार अक्षरात. ‘साहेब, तुम्ही माझा शब्द मोडलात. मेलेल्या माणसाला विकलंत. म्हातारपणी ही बुद्धी कशी झाली?’ ती सांगत गेली, ते लिहीत गेले. एकदा तर सवयीने त्यांनी तिचे क्रियापद सुधारले. शेवटी तिने अंगठ्याचा ठसा उमटवला. कागद घडी घालून मास्तरांनी खिशात ठेवला. निघताना तिने त्यांना दोन काकड्या दिल्या.

पत्र पोस्टात पडले नाही. तिसऱ्या दिवशी सदरा धुवायला घेताना ते आनंदीबाईंच्या हाती लागले. त्यांनी ते वाचले, पुन्हा घडी घातली आणि मास्तरांच्या जेवणाच्या ताटाशेजारी, लोणच्याच्या जागी ठेवले.

“अमोलिकांनी मला पहिली नोकरी मिळवून दिली,” त्या म्हणाल्या. “काय वाईट केलंय त्यांनी तुमचं?”

“मी पाठवणार नव्हतोच.”

“मग लिहिलंत कशाला?”

त्या रात्रीपासून मास्तर लिहू लागले. येत्या रविवारी, साक्षीच्या वेळी, मंडळीपुढे उभे राहायचे, आणि सगळे सांगून टाकायचे. चार दिवसांत सोळा पाने झाली. रविवारी ते उभे राहिले तेव्हा प्रार्थनाघर भरलेले होते. ब्रदर विल्सन पुढल्या बाकावर होते, सोनाबाई कुंभिवलीहून मुद्दाम आली होती आणि आनंदीबाई, डॉक्टरांची आज्ञा मोडून, भिंतीला टेकून बसल्या होत्या.

मास्तर बोलले, आणि इतके अप्रतिम बोलले की पुढे कित्येक वर्षे लोक त्या भाषणाची आठवण काढत. हर्षाचा झरा हा झरा नसून नळ आहे आणि त्याची तोटी परदेशात आहे, असे ते म्हणाले. जो देव अकरा वेळा सांगितल्याखेरीज ऐकत नाही तो बहिरा असला पाहिजे, आणि बहिऱ्या देवाची उपासना करणारांना जुन्या करारात काय म्हटले आहे ते त्यांनी अध्यायासकट सांगितले. आनंद हा ख्रिस्ती माणसाचा धर्म असेल, पण तो कण्हण्याच्या पलीकडच्या तीराला लागतो. अलीकडच्या तीरावर नाचणाऱ्याला आनंदी म्हणत नाहीत, उडाणटप्पू म्हणतात. नागू तरला नव्हता, हेही त्यांनी सांगितले, मेघगर्जनेसारखे सांगितले. मृताचे दुःख चोरून त्याला घुंगरू बांधणाऱ्या हातांना त्यांनी शाप दिला. युवक संघातल्या दोघी रडू लागल्या. ब्रदर विल्सन लालबुंद झाले. पंधरावे पान संपले.

सोळाव्या पानावर एकच परिच्छेद होता. त्याची सुरुवात ‘ती टेप मी’ अशी होती.

मास्तरांनी मान वर केली. सगळ्यांच्या डोळ्यांत त्यांच्याविषयी जे दिसत होते ते त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिले नव्हते. कुठल्याही वर्गात नाही, कुठल्याही संपादकाच्या पत्रात नाही. त्यांनी पाने एकावर एक नीट जुळवली.

“इतकंच,” ते म्हणाले आणि बसले.

सोनाबाईने मागून विचारले, “पर दिली कुनी?” टाळ्यांत ते कुणाला ऐकू गेले नाही. मास्तरांना गेले.

दोघे रिक्षाने घरी परतले. दारात उतरल्यावर आनंदीबाई म्हणाल्या, “भाषण छान झालं. त्यात तुमचं काय होतं?” आणि खाटेवर जाऊन पडल्या. त्यानंतर त्या फारशा उठल्या नाहीत.

आठवडाभराने त्यांनी मास्तरांना खोपोलीला औषधाला पाठवले. जे औषध कर्जतलाही मिळत होते ते खोपोलीचेच हवे असा त्यांनी हट्ट धरला होता. मास्तर दुपारी परतले तेव्हा अंगणाचे बांबूचे बेडे सरकवून सोनाबाई बाहेर पडत होती. पदर खोचलेला, डोळे कोरडे. ती त्यांना ओलांडून गेली. कुणी खांबाला ओलांडून जावे तशी.

“सोनाबाई आली होती?” त्यांनी आत येऊन विचारले.

“मी बोलावली. शेजारच्या पोरीला, कोंडीला, पाठवलं होतं.” आनंदीबाईंचा श्वास लागत होता, पण चेहरा मोकळा होता, अभ्यास पुरा झालेल्या मुलीसारखा. “माझं तिला सांगितलं. माझ्या वाट्याचं.”

“म्हणजे काय सांगितलंस?”

“मी खोटं बोलले ते. पेटी रिकामी होती ते.”

“आणि माझं?”

“तुमचं मी कशी सांगणार? ते तुमचं आहे.” त्यांनी डोळे मिटले. “अजून वेळ आहे तुम्हाला. थोडा आहे.”

तो नऊ दिवसांचा निघाला. त्या नऊ दिवसांत मास्तरांनी दोनदा कुंभिवलीचा टेंपो पकडला आणि दोन्ही वेळा खालापूरच्या फाट्यावर उतरून परत आले. एकदा ऊन फार होते म्हणून, एकदा आनंदीबाईंना एकटे सोडणे बरे नव्हे म्हणून. दोन्ही कारणे खरी होती.

दफनाला सगळी मंडळी आली. शाळेची माणसे आली, आणि आनंदीबाई म्हणजे माउली, असे ती म्हणाली. ब्रदर विल्सनही आले. मास्तरांनी केलेल्या अपमानाची त्यांनी मनःपूर्वक क्षमा केली होती, आणि तसे ते आल्या आल्या सगळ्यांना सांगत होते. युवक संघाचा टेपरेकॉर्डर एका जुन्या थडग्याच्या कठड्यावर तयार होता. शवपेटी खाली उतरली. पाळकांनी वचन वाचले. मास्तरांनी पहिली मूठ घेतली.

तेव्हा सोनाबाई पुढे झाली. युवक संघातल्या कुणाचा हात बटणाकडे गेला होता. तिने त्याच्याकडे नुसते पाहिले आणि तो हात मागे गेला.

“ही बाई मला खरं सांगून ग्येली,” ती म्हणाली. “म्हून मी तोंड उघडते. हिच्यापुरतं.”

आणि तिने म्हटले. आवाज पिकला होता, वरच्या स्वराला फाटत होता, पण चाल तीच होती, दळणाच्या गतीची, कुठेही न पळणारी:

आनंदीबाई गेली, दिवा ठेवून घरात
नवऱ्याची लबाडी, बांधली गं पदरात
देवा बापा, सोड गाठ, उभी तुझ्या दारात

पहिल्या ओळीला बायकांनी पदर डोळ्यांना लावले होते. दुसऱ्या ओळीला ते तसेच राहिले, पण त्यांच्या काठावरून डोळे वर आले आणि एकेक करून मास्तरांकडे वळले. नवऱ्याची लबाडी कोणती, हे कुणाला समजावून सांगावे लागले नाही. ‘ही माझी ओवी मुंबईला नेली कुनी’ या प्रार्थनाघरातल्या प्रश्नाला आता एकच उत्तर उरलेले होते, आणि सोळा पानांच्या भाषणातून ते गाळणारा माणूस मूठ मिटून खड्ड्याच्या कडेला उभा होता. ब्रदर विल्सनच्या चेहऱ्यावर प्रथमच हसू नव्हते. आपण टेप कुणाकडून घेतली हे त्यांनी इतके दिवस का सांगितले नाही, असे त्यांना कुणी विचारले नव्हते. आता ते विचारले जाणार होते.

सोनाबाईने तिन्ही ओळी तीनदा म्हटल्या, रीतीप्रमाणे. लोक माती टाकत राहिले. मास्तरांची मूठ हातातच होती. ती ओलसर झाली होती आणि बोटांच्या फटींतून थोडी थोडी गळत होती.

माणसे पांगली तेव्हा सोनाबाई कबरस्तानाच्या फाटकापाशी बादलीतल्या पाण्याने हात धूत होती. मास्तर तिच्यापाशी गेले. चाळीस वर्षे त्यांना शब्दाची उणीव कधी पडली नव्हती.

“उणं एकच सांगायचं असतं,” ते म्हणाले. “तिचं एकच उणं तुम्हाला सापडलं, आणि तेही माझं?”

“तिनंच निवडलं,” सोनाबाई म्हणाली. “मी म्हटलं, बाई, दुसरं काय तरी सांगा, तुमची जीभ लई तिखट हाय ते घालू. नाय म्हनली. ह्येच घाल म्हनली.”

“ते माझं होतं, सोनाबाई. तिच्या नावावर कसं घातलंत? ते माझं आहे. मी सांगतो आता. सगळ्यांना थांबवा, मी सांगतो.”

तिने हात झटकले. रस्त्यावर, स्टेशनच्या दिशेने, मंडळी दोघादोघांनी, तिघातिघांनी चालली होती, आणि एकाही माणसाचा आवाज येत नव्हता.

“आता काय सांगता?” ती म्हणाली. “समद्यांस्नी कळलंच की. कळल्यावर सांगायला जीभ कशाला लागती?”

“मग माझं काय?”

“तुमचं तुमच्या येळंला,” सोनाबाई म्हणाली, आणि पदराला हात पुसत फाटकाबाहेर पडली. “जगले वाचले तर म्हनंन मी. नायतर त्या पोरांची वाजती पेटी हायच की तुमच्यासाठी, लावा म्हनावं नागू, नागू.”

मास्तर मागे वळले. खड्डा जवळजवळ भरत आला होता आणि फावडेवाला त्यांच्यासाठी थांबला होता. त्यांनी मूठ उघडली. टाकण्याजोगे तिच्यात फारसे उरले नव्हते.